गुटेनभाऊ

रामाकोन्याच्या बसस्टँडवर बस उशिरा आली म्हणून चिडणारा माणूस एकच आहे. बाकीच्यांना बस येते एवढं माहीत असतं आणि तेवढं पुरतं. गुटेनभाऊ मात्र छिंदवाड्याहून आलेल्या गाडीच्या ड्रायव्हरपाशी जाऊन मनगटावरचं घड्याळ पुढे करतात आणि विचारतात, "सतरा मिनिट लेट. वजह क्या है?" त्या बापड्याला उभ्या नोकरीत कोणी कारण विचारलेलं नसतं. तो गोंधळतो, डोकं खाजवतो आणि खरं ते सांगून टाकतो, "उमरानाला में चाय पी ली थी, भैया." गुटेनभाऊ मान डोलावून गाडीत चढतात. राग संपला. जर्मनीत रेल्वे उशिरा आली की फलाटावरच्या भोंग्यातून कारण सांगतात आणि कारण कळल्यावर तिथली माणसं निमूटपणे गारठत उभी राहतात, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलंय. जर्मनीत गाड्या वेळेवर येतात असं मात्र ते कधीच म्हणत नाहीत. पुढे त्यांच्याविषयी जे येणार आहे, त्याआधी एवढं त्यांच्या बाजूनं नोंदवून ठेवतो.

गुटेनभाऊ जर्मनीत एक सेमिस्टर होते. ऑक्टोबर ते मार्च. त्यानंतर काही वर्षं नागपूरला नोकरी, काही वर्षं इंदूरला, आणि आता रामाकोन्यात बापाची संत्र्याची बाग नि ठिबकच्या नळ्यांचं दुकान. पण इंदूरची एकही गोष्ट त्यांच्या तोंडून कोणी ऐकलेली नाही. हा माणसांचा एक वेगळाच प्रकार आहे. बारा वर्षं परदेशात राहून आलेल्याला विचारा, "कसं काय तिकडे?" तो म्हणतो, "ठीक." त्याला तिथलं घरभाडं आठवतं, कर आठवतो, दाताच्या डॉक्टरचं बिल आठवतं. सहा महिनेवाल्याला यातलं काही भेटलेलं नसतं. त्याची जर्मनी नवी कोरी राहते, आणि ती तो जन्मभर वापरतो.

परत आल्यावर पहिल्याच सकाळी त्यांनी दूधवाल्याला "गुटेन मोर्गेन" घातलं. दूधवाल्यानं ते दुपारपर्यंत गावभर पोचवलं. शिधापत्रिकेवर त्यांचं काही एक नाव असेल. ते आता फक्त पटवारी वापरतो.

जायच्या वेळची गंमत त्यांची आजी सांगायची. नागपूरच्या ज्या इंजिनिअरिंग कॉलेजात ते होते, त्याचा एका जर्मन विद्यापीठाशी करार होता. इथला विद्यार्थी तिथं, तिथला इथं. आजीनं साटंलोटं चार पिढ्या पाहिलेलं. तिनं बापाला विचारलं, "आपला पोट्टा तिकडं देऊन राह्यला, तं तिकडचा कोण भेटते?" बाप म्हणाला, "तिकडचा या साली कोणी नाई आला." आजी म्हणाली, "मंग हे साटंलोटं नाई, हे घरजावई देनं होय." आणि पुढची कितीतरी वर्षं तिनं ही उधारी डोक्यात ठेवली.

खरं म्हणजे रामाकोन्याच्या माणसाला दुसऱ्या भाषेत राहायला शिकवण्यासाठी विमानात बसवायची गरज नाही. १ नोव्हेंबर १९५६ ला नागपूर मुंबई राज्यात गेलं आणि छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशात राहिला. तेव्हापासून इथलं पोरगं घरी मराठीत रडतं आणि शाळेत हिंदीत हजेरी देतं. मधल्या काळात जिल्हाही बदलला. २०२३ पासून आम्ही पांढुर्ण्याचे झालो. बोलणं तेच. गुटेनभाऊंनी दुसरीत "मेरा पुस्तक" म्हणून मास्तरांचा मार खाल्ला, कारण हिंदीत पुस्तक बाई असते. मग घरी येऊन "माही पुस्तक दे" म्हणाले, तर आजी हसून लोटपोट. नागपूरच्या कॉलेजात त्यांच्या मराठीला हिंदी म्हणाले. भोपाळला स्पर्धेला गेले, तिथं त्यांच्या हिंदीला मराठी म्हणाले. दोन्ही घरी चुकायची सवय लागलेल्या माणसाला तिसऱ्या घरी चुकायला कसली लाज?

ही लाज नसणं हेच त्यांचं भांडवल. ते गेले स्टुटगार्टला. त्यांच्याबरोबर पुण्याचा एक मुलगा होता, त्याचं जर्मन यांच्या कितीतरी पुढे. प्रमाणपत्रं फायलीत, व्याकरण तोंडपाठ. पण शब्दाआधी 'डेर' लावायचं की 'डास' हे मनाशी पक्कं होईपर्यंत समोरचा माणूस पुढची गाडी पकडून गेलेला असे. सहा महिन्यांत तो मुलगा एकदाही चुकला नाही, असं गुटेनभाऊ आदरानं सांगतात. तो बोललाच नाही, हे मागाहून सांगतात.

यांचं तंत्र वेगळं. जर्मन भाषेत तीन लिंगं आहेत हे वर्गात कळल्यावर स्पेनची, चीनची, तुर्कस्तानची पोरं हवालदिल झाली. गुटेनभाऊ खूश. तीन लिंगं तर आपली घरचीच! चमचा तिथंही पुल्लिंगी निघाला तेव्हा त्यांना वाटलं, भाषा खिशात आली. पुढे काटा बाई निघाला आणि सुरी नपुंसक. तिथून पुढे त्यांनी लिंगाचा नाद सोडला आणि तीनही आळीपाळीनं वापरायला सुरुवात केली, म्हणजे एक तरी बरोबर येतंच. आकड्यांत मात्र त्यांनी खरोखर बाजी मारली. जर्मन माणूस एकवीस म्हणताना आधी एक म्हणतो, मग वीस. आपणही तेच करतो. स्पॅनिश पोरांना फोन नंबर सांगितला की ते आकडे उलटे लिहून घेत आणि भलत्यालाच फोन लावत. गुटेनभाऊंना ज्याचा नंबर दिला त्यालाच फोन लागे. मैत्री वाढायला एवढं पुष्कळ.

पहिल्याच दिवशी एक धक्का बसला होता. बसमध्ये चढताना त्यांनी नागपूरच्या क्लासात घोटलेलं "गुटेन टाग" म्हटलं, तर ड्रायव्हर म्हणाला, "ग्र्युस गॉट." आपण चुकून दुसऱ्या देशात उतरलो की काय, अशी शंका त्यांना आली. मग उलगडलं. स्टुटगार्ट म्हणजे श्वाबेन प्रांत. तिथली माणसं आपलीच बोली बोलतात, शब्दांच्या शेपटीला 'ले' लावतात, पुस्तकातलं जर्मन बातम्यांपुरतं ठेवतात. गुटेनभाऊंना एकदम घरी आल्यासारखं वाटलं. "आपल्याले शिकवलं ते आकाशवाणीचं," ते म्हणतात, "अन् ते बोलून राह्यले सौंसरचं." बिचकायचं कारणच उरलं नाही.

आता इथं एक गोष्ट सांगायला हवी, जी ते स्वतः सांगत नाहीत आणि मला त्यांच्या एका जुन्या सोबत्याकडून कळली. वसतिगृहात त्यांच्या मजल्यावर बहुतेक पोरं आंध्र-तेलंगणाची. स्वयंपाकघर सामाईक. भाताचा कुकर कोणाचा, लोणचं कोणी संपवलं, भांडी कोण घासणार, हे सगळे जीवनमरणाचे प्रश्न तेलुगूत चालत. पोट भरायचं तर तेलुगू येणं भाग होतं. डिसेंबरपर्यंत गुटेनभाऊ तेलुगूत भांडू लागले, जेवणाच्या वेळी उगवणाऱ्या स्पॅनिश पोरांकडून स्पॅनिशमधल्या काही अशा गोष्टी शिकले की ज्या इथं लिहिता येत नाहीत, आणि जर्मन राहिलं "एक कॉफी द्या" आणि "हा फलाट बरोबर आहे का" यांच्या मध्ये कुठंतरी. परदेशी शिकायला गेलेल्या पुष्कळांचं असंच होतं. ज्या देशात जातो तिथली भाषा सोडून बाकीच्या सगळ्या येतात.

यातून त्यांना बाहेर काढलं मिरचीनं. एका रात्री तर्री-पोह्यांची हुक्की आली. तर्रीसाठी सुक्या मिरच्या तेलात पडल्या, धूर वर गेला, छतावरची घंटी वाजली आणि अख्खी इमारत पायजम्यावर, पांघरुणं गुंडाळून हिवाळ्यात हिरवळीवर येऊन उभी राहिली. आगीचा बंब आला. दुसरा कोणी असता तर तोंड लपवून बसला असता. गुटेनभाऊ हातात पातेलं घेऊन रांगेनं सगळ्यांपाशी गेले, प्रत्येकाला आपलं नाव सांगितलं आणि "माफ करा, खाऊन बघा" असं दोनच वाक्यांत उरकलं. ज्या इमारतीत शेजारी शेजाऱ्याला ओळखत नव्हता, तिथं दुसऱ्या दिवसापासून सगळे यांना ओळखू लागले. तेव्हापासून प्रत्येक पार्टीला बोलावणं. आणि प्रत्येक पार्टीतून सगळ्यात शेवटी निघणार तेही हेच, कारण जर्मनीत रिकाम्या बाटल्या दुकानात परत दिल्या की प्लास्टिकच्या बाटलीमागे २५ सेंट मिळतात आणि बिअरच्या काचेच्या बाटलीमागे ८. त्यांचा लोकसंग्रह आणि बाटलीसंग्रह बरोबरच वाढला.

अभ्यासाचं काय झालं हे ते सांगत नाहीत, आम्ही विचारत नाही.

भाषेच्या वर्गातला त्यांचा अजरामर प्रसंग मात्र गोटमारीचा. 'माझ्या गावाकडचा सण' यावर प्रत्येकानं बोलायचं होतं. चिनी मुलीनं कंदील सांगितले, स्पॅनिश पोरानं टोमॅटो फेकायचा सण सांगितला आणि सगळे खूप हसले. फेकाफेकीवरून गुटेनभाऊंना पांढुर्णा आठवलं. शब्द जेमतेम शंभर. ते उभे राहिले आणि म्हणाले: "दोन गावं. मध्ये नदी. नदीत झाड. झाडावर झेंडा. इकडचे लोक तिकडे दगड मारतात. तिकडचे लोक इकडे दगड मारतात. मग हॉस्पिटल. पुढच्या वर्षी पुन्हा." पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीवर पांढुर्णा आणि सावरगाव यांच्यात जे होतं, त्याचं याहून नेमकं वर्णन मी अजून कुठं वाचलेलं नाही. वर्गात चिडीचूप. शेवटी बाईंनी हळूच विचारलं, "पण का?" जर्मनमध्ये 'कारण' म्हणून वाक्य सुरू केलं की क्रियापद अगदी शेवटी येतं. गुटेनभाऊंनी 'कारण' म्हटलं, दोन्ही गावांची नावं घेतली, नदीचं नाव घेतलं, आणि मग ते क्रियापद शोधू लागले. ते सापडायच्या आधी तास संपला.

त्याच तासानंतर त्यांना टँडेम मिळाला. तिकडे ही एक छान सोय आहे: ज्याला तुमची भाषा शिकायची आहे आणि ज्याची भाषा तुम्हाला शिकायची आहे अशा दोघांची जोडी लावून देतात. आठवड्यातून एकदा भेटायचं, एक तास तुझी भाषा, एक तास माझी. पैशाचा व्यवहार नाही. त्यांच्या जोडीला आलेला जर्मन मुलगा भारतात येऊन काम करायचं म्हणून काहीतरी शिकू पाहत होता आणि गोटमारीबद्दल ऐकून त्याला राहवलं नाही. त्याला हिंदी हवी होती. गुटेनभाऊंनी त्याला हिंदी म्हणून जे शिकवलं, ते काय होतं हे आम्हाला पुढे कळलं.

त्याच्या आईबापाकडेही ते जाऊन आले. त्याआधी एका प्राध्यापकांना "तू" म्हणून झालं होतं आणि कोणीतरी समजावलं होतं की मोठ्यांना "आपण" म्हणायचं. मग त्यांनी धोका पत्करायचाच नाही असं ठरवलं. दारात कुत्रा आडवा आला, त्यालाही ते "आपण" म्हणाले. "आपण बाजूला होता का?" कुत्रा झाला बाजूला. श्वाबेनमधली कुत्रीसुद्धा ऐकतात, असा निष्कर्ष ते अजून सांगतात.

गावी परतल्यावर जे सुरू झालं ते आमच्या पिढीनं भोगलंय. टँडेमच्या आईबापाच्या घरात त्यांनी जिन्यापाशी एक पाटी पाहिली होती. श्वाबेनची ही जुनी चाल आहे: इमारतीतल्या बिऱ्हाडांनी आठवड्याआठवड्यानं जिना नि अंगण झाडायचं, आणि ज्याची पाळी त्याच्या दाराला पाटी टांगायची. 'केरवोखे' म्हणतात. गुटेनभाऊंनी पुठ्ठ्याची पाटी रंगवून आमच्या गल्लीत आणली आणि पहिल्या घराला टांगली. त्या घरच्या मावशी रोज पहाटे साडेपाचला सडा टाकून, झाडून, रांगोळी घालून मोकळ्या होतात. त्यांनी पाटी निरखली. "आज माही पाळी?" "हो मावशी, आठ दिवस." "अन् मंग बाकीच्या दिवशी अंगण कोण झाडन, जर्मनवाला?" पाटी चार घरं फिरली आणि पाचव्या घरी रांजणावर झाकण म्हणून बसली. पुठ्ठा चांगला जाड होता.

पंधरा ऑगस्टला शाळेत त्यांना दोन शब्द बोलायला बोलावतात. परदेशी जाऊन परक्या घरात राहून शिकणाऱ्यांची परंपरा ते मुलांपुढे मांडतात: १८८३ साली अमेरिकेला गेलेल्या, रोझेलला कार्पेंटरबाईंच्या घरी राहिलेल्या आनंदीबाई जोशी, मग पालीसाठी सिंहलद्वीप गाठणारे धर्मानंद कोसंबी. इथं ते थोडं थांबतात, घोटभर पाणी पितात. तिसरं नाव घ्यायला नको एवढी मुलं हुशार आहेत.

मग एका हिवाळ्यात, संत्र्याची तोड चालू असताना, टँडेम आला. त्याची गावाला वर्दी गुटेनभाऊंनीच दिलेली, "माझा टँडेम येऊन राह्यला." गावानं ऐकलं 'टंडन'. जर्मनीतही टंडन असतात याचं जरा नवल झालं, पण पंजाबी माणूस कुठंही पोचतो. उतरला तो साडेसहा फुटी, भुऱ्या केसांचा. टपरीसमोर येऊन त्यानं खांद्यावरची पिशवी खाली ठेवली आणि म्हणाला, "लय ऊन हाय बापा. पाणी द्या ना जरासं."

टपरीवाल्याच्या हातून चुन्याची डबी पडली. हिंदी म्हणून गुटेनभाऊंनी त्याला रामाकोनाच शिकवलं होतं. मधली वर्षं तो दर रविवारी फोनवर तेच घोटत होता. दिल्लीत उतरल्यावर त्याचं कोणाला काही कळलं नाही, भोपाळला लोक हसले, नागपुरात निम्मं कळलं. कन्हान नदीकाठी पोचला आणि त्याची भाषा शंभर टक्के बरोबर झाली.

चार दिवस गाव त्याच्याभोवती. त्याला जामसावळीला नेऊन आडवे पहुडलेले हनुमान दाखवले, बागेत नेलं, वांग्याचं भरीत खाऊ घातलं. आणि या सगळ्यात एक विलक्षण दृश्य दिसायचं. टंडनजी मराठीत बोलत, आणि गुटेनभाऊ ते आम्हाला मराठीत समजावून सांगत. "याले म्हनाचं हाय का, त्याले भूक लागली." टंडनजी मान डोलावत, "होय, मले भूक लागली." दुभाष्याची खुर्ची काही केल्या सुटत नव्हती. शेवटी सरपंचांच्या ओट्यावर कोणीतरी तो प्रश्न विचारलाच, जो गावाच्या पोटात इतकी वर्षं होता. "टंडनजी, खरं सांगा. आमच्या भाऊची जर्मन कशी हाय?"

तो थोडा विचारात पडला. खोटं बोलणं त्यांच्यात बसत नसावं, आणि मैत्रीही मोडायची नव्हती. "मले समजते," तो म्हणाला. "बाकीच्याइचं माहीत नाई."

आजी तेव्हा होती. तिनं त्याच्या हाती नारळ दिला आणि बापाला म्हणाली, "आता झालं साटंलोटं."

अलीकडे गुटेनभाऊंना एक खरं दुःख लागलंय. २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारनं बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्याशी, म्हणजे यांच्या स्टुटगार्टच्याच राज्याशी, करार केला: नर्सा, वीजतंत्री, प्लंबर असे पहिल्या फेरीत १०,००० जण जर्मन शिकवून तिकडे पाठवायचे. स्टुटगार्ट आणि मुंबई तर १९६८ पासूनची भगिनी शहरं. गुटेनभाऊंनी पेपर टपरीवर आपटला. "भाषा मराठी, अन् आपन मध्य प्रदेश! सावनेरचा पोट्टा जाईन, रामाकोन्याचा पाहात राहीन!" महाराष्ट्रातलं सावनेर म्हणजे इथून बसनं जाऊन संध्याकाळी परत येण्याएवढं. रागाच्या भरात त्यांनी दुकानाच्या मागच्या खोलीत स्वतःच वर्ग काढला. फी नाही. त्याऐवजी तोडीच्या दिवसांत बागेत एक दिवस काम. नळ्यांच्या गुंडाळ्यांवर बसून सहा-सात पोरंपोरी जर्मन शिकतात. शिकवायची पद्धत एकच: कोणी अडलं, शब्द आठवेना, तर थांबायचं नाही, हिंदी घाला, मराठी घाला, हात हलवा, पण चूप बसाल तर बाहेर. पुण्याच्या त्या मुलाची गोष्ट ते पहिल्या दिवशी सांगतात, दर आठवड्याला पुन्हा सांगतात.

यंदा त्यांची पहिली विद्यार्थिनी परीक्षेला पुण्याला गेली. नर्सिंग झालेली, सौंसरच्या दवाखान्यात नोकरी करणारी पोरगी. तोंडी परीक्षेत आपली ओळख करून द्यायची असते: नाव, वय, गाव, भाषा, काम, आवड. दोन मिनिटांचं काम. ती परत आली तेव्हा गुटेनभाऊ बसस्टँडवर आधीच येऊन उभे. बस किती उशिरा आली हे त्यांनी त्या दिवशी पाहिलंसुद्धा नाही.

"काय झालं?"

"पास होईन भाऊ, असं वाटते. नाव सांगितलं, गाव सांगितलं. मंग कन्हान सांगितली, संत्रा सांगितला, टंडनजी सांगितले. गोटमारीपाशी आली होती, तं त्या मॅडमच थांब म्हनाल्या."

"जर्मनमधी?"

"नाई ना भाऊ. मराठीत. दोन डाव."